पत होती, ऐपतीचे काय? चांगला स्कोअर असूनही क्रेडिट कार्ड का नाकारले जाते, याचा धानपट्ट्यातला इतिहास

१.
क्रेडिट स्कोअर ७८०. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. तरीही क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर. असा नकार आला की मनात पहिला विचार येतो तो अन्यायाचा, दुसरा संगणकाच्या चुकीचा. पुष्कळदा या दोहोंपैकी काहीच घडलेले नसते. कर्ज देणाऱ्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि स्कोअर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. हा गोंधळ संगणकासोबत आला असे आपण समजतो. परंतु गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात त्याची पाळेमुळे निदान दीडशे वर्षे मागे जातात. आजचा धागा त्याविषयी.

२.
आरंभी दोन शब्द नीट वेगळे करू. पत आणि ऐपत. पत म्हणजे ‘हा माणूस घेतलेले परत करतो’ अशी बाजारातील ख्याती. ऐपत म्हणजे परत करण्याचे सामर्थ्य. पत मागे पाहते, ऐपत पुढे पाहते. त्यांच्या जोडीला तिसरा शब्द आहे तारण : परतफेड झालीच नाही, तर देणाऱ्याच्या हाती काय उरते? आणि चौथी बाब अशी की जिचा कर्जदाराशी काही संबंधच नसतो : देणाऱ्याची स्वतःची थैली. कोणत्याही काळातला सावकार या चारही गोष्टी पाहूनच हात सैल सोडतो किंवा आखडता घेतो. स्कोअर यांपैकी मुख्यतः पहिल्या गोष्टीविषयी बोलतो.

३.
भारतात हा स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले का, कार्डावरील मर्यादेपैकी किती रक्कम सतत वापरात असते, कर्जाची खाती किती जुनी आहेत, अलीकडे किती ठिकाणी नवे कर्ज मागितले, अशा नोंदींवरून तो काढला जातो. त्यात तुमचा पगार नसतो. बँकेतील शिल्लक नसते, मुदत ठेव नसते, शेत नसते. म्हणजे महिना पंधरा हजार मिळवणारी आणि महिना दीड लाख मिळवणारी व्यक्ती, दोघांचाही स्कोअर सारखाच असू शकतो. पत सारखी, ऐपत भिन्न. एवढे लक्षात ठेवून आता मागे जाऊ.

४.
गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा त्याचा इतिहास भंडाऱ्याचाच इतिहास होय. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्या वर्षी राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांना गावाचे मालक मानले गेले. मालगुजार सरकारात सारा भरी आणि कुळांकडून खंड वसूल करी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : अनेक गावांत खंड घेणारा आणि धान उसने देणारा माणूस एकच होता.

५.
धानाच्या शेतीचे चक्रच उसनवारीला भाग पाडणारे. मृगाच्या पावसाला बियाणे हवे, रोवणीच्या दिवसांत मजुरांच्या पोटाला धान्य हवे; आणि हाती काही यायचे ते हलके धान निघाल्यावर कार्तिकाच्या सुमारास, भारी धान त्याहून उशिरा. मधल्या महिन्यांत कोठी रिकामी. म्हणून वाढीदिढीचा व्यवहार चाले. पावसाळ्याच्या तोंडावर एक खंडी धान घेतले, तर सवाईच्या बोलीने खळ्यावर सव्वा खंडी मोजून द्यायचे, दिढीच्या बोलीने दीड खंडी. मुदत पाच-सहा महिन्यांची. व्याजाचा दर वर्षाच्या हिशेबाने काढून पाहिला, तर आजच्या कार्डावरील थकबाकीचे व्याजही फारसे परके वाटत नाही.

६.
या व्यवहारात पत ही गोष्ट नोंदवहीत कमी आणि डोळ्यांसमोर अधिक होती. देणाऱ्याला कुळाचा बाप ठाऊक, बैलजोडी ठाऊक, कोणत्या वर्षी कोणी किती पायल्या बाकी ठेवल्या तेही ठाऊक. स्कोअर काढण्याची गरज नव्हती. गाव हाच स्कोअर होता. तरीही चोख कुळाला नकार मिळत असे. का मिळत असे, हे पाहिले की आजच्या नकाराची चारही कारणे एकेक करून दिसू लागतात.

७.
पहिले कारण पाण्याचे. गोंदिया-भंडारा हा तलावांचा प्रदेश. गावोगावचे हे तलाव मालगुजारांच्या काळातले, काही त्याहूनही जुने. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तलाव मात्र ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि लोकांच्या तोंडी त्यांचे ‘मामा तलाव’ झाले.

८.
या तलावांचा पतीशी काय संबंध? धानाला ऐन निसवण्याच्या वेळी, पाऊस ओढ घेतो तेव्हा, एक-दोन पाण्यांवर सारे अवलंबून असते. तलावाखालचे शेत त्या पाण्याने वाचते. वरच्या अंगाचे वाळते. समजा, दोन भाऊ आहेत. दोघेही सारखेच प्रामाणिक, दोघांनीही मागची बाकी फेडलेली. एकाचे बांध तलावाखाली, दुसऱ्याचे वर. देणारा पहिल्याला खंडीभर धान देईल आणि दुसऱ्याला हात जोडील. दुसऱ्याची पत कमी झालेली नाही. त्याच्या पुढच्या खळ्याविषयी शंका आहे.

९.
आज हाच निवाडा उत्पन्नाच्या स्वरूपावरून होतो. कायम नोकरीचा पगार म्हणजे तलावाखालचे शेत : पाऊस कमी-अधिक झाला तरी महिन्याला पाणी येणारच, असा देणाऱ्याचा विश्वास. हंगामी व्यापार, कंत्राटी काम, तुकड्यावरची मजुरी म्हणजे वरच्या अंगाचे शेत. म्हणून अर्जात नोकरी कोणती, किती काळापासून, आयकर विवरणपत्र भरता का, असे प्रश्न येतात. आणि ठिकाणाचा प्रश्नही येतो. अनेक कार्डे ठरावीक शहरांपुरती किंवा पिनकोडांपुरतीच दिली जातात. पत्ता त्या यादीबाहेर असला, तर स्कोअर पाहण्यापूर्वीच दार बंद होऊ शकते. शेत तलावाखाली की वर, हा प्रश्न आता पिनकोडाने विचारला जातो, इतकेच.

१०.
दुसरे कारण तारणाचे, आणि येथे इतिहास थोडा विचित्र वळण घेतो. मध्य प्रांतात १८८३ आणि १८९८ च्या कुळकायद्यांनी कुळांच्या हक्कांना संरक्षण दिले आणि जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घातले. हेतू उघड होता : कर्जापायी जमीन सावकाराच्या घरी जाऊ नये. १९१६ मध्ये आदिवासी जमातींच्या जमिनींसाठी स्वतंत्र हस्तांतर-निर्बंध कायदा आला. हे कायदे अनेकांच्या जमिनी राखणारे होते, यात शंका नाही.

११.
परंतु जी जमीन घेता येत नाही, तिच्यावर सावकार कशाला देईल? संरक्षणाची किंमत पतपुरवठ्यात मोजावी लागली. कालपर्यंत ज्या कुळाला जमिनीच्या भरवशावर बैल घेण्यापुरते पैसे मिळत, त्याला कायद्यानंतर मिळणे अवघड झाले. कुळ तेच, त्याची सचोटी तीच. बदलले ते देणाऱ्याच्या हाती उरणारे शेवटचे साधन. क्रेडिट कार्ड हे तर मुळातच विनातारण कर्ज. वाहन उचलून नेता येते, घर जप्त करता येते. कार्डावर जेवलेले जेवण परत घेता येत नाही. म्हणून ज्या माणसाला गृहकर्ज सहज मिळते, त्यालाच कार्ड नाकारले जाते, ही विसंगती नव्हे. आणि म्हणूनच मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड बँका तुलनेने सहज देतात. ते नव्या वेषातले गहाणखतच होय.

१२.
तिसरे कारण समजण्यासाठी धानपट्टा सोडून क्षणभर दख्खनमध्ये जावे लागेल. कारण देणाऱ्याची स्वतःची थैली आटली की काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण तेथे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला. शहरातील व्यापाऱ्यांनी गावच्या सावकारांना पैसा पुरवला, सावकारांनी रयतेला. मागेल त्याला कर्ज मिळू लागले.

१३.
युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परतला, भाव कोसळले. वरून येणारा पैसा थांबताच सावकारांनी नवे कर्ज देणे थांबवले आणि जुन्याची वसुली सुरू केली. त्याच सुमारास फेरजमाबंदीने साराही वाढला होता. यात वर्षानुवर्षे चोख व्यवहार करणारी रयतही भरडली गेली. त्यांनी काही चुकवले नव्हते. हजारो मैलांवरचे एक युद्ध संपले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला.

१४.
दख्खनचे दंगे आपण सहसा व्याजाच्या जुलमाची कथा म्हणून वाचतो. ती तशी आहेच. परंतु ती नकाराचीही कथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला देण्याघेण्याचा रिवाज एकाएकी मोडला गेला, आणि त्याचे कारण कोणी सांगितले नाही. रयतेचा रोष त्या मौनावरही होता.

१५.
आता १६ नोव्हेंबर २०२३ ही तारीख पाहा. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरील येण्यांचे जोखीमभारांक वाढवले : बँकांसाठी १२५ टक्क्यांवरून १५०, बिगरबँक वित्तीय कंपन्यांसाठी १०० वरून १२५. याचा अर्थ सोपा आहे. किमान ९ टक्के भांडवलाचा नियम धरला, तर कार्डावरच्या १०० रुपयांच्या येण्यामागे बँकेला पूर्वी ११ रुपये २५ पैसे स्वतःचे भांडवल राखावे लागत होते. आता १३ रुपये ५० पैसे. देणे महाग झाले. अशा वेळी बँक आपली चाळणी बारीक करते आणि काल पात्र ठरला असता असा अर्जदार आज बाहेर पडतो. त्याचा स्कोअर एका अंकानेही हललेला नसतो.

१६.
चौथे कारण जामीनकीचे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने गावोगावी पतपेढ्या उभारण्याचा मार्ग खुला केला. ग्रामीण पेढ्यांचा पाया होता अमर्याद जबाबदारी : जर्मनीतील रायफायझन यांच्या पद्धतीवर बेतलेली ही कल्पना. गरिबाकडे तारण नाही ना? मग सारे सभासद एकमेकांचे तारण होतील. एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. कल्पना उदात्त होती. परंतु वाईट वर्षे आली, मंदी आली, तेव्हा मध्य प्रांतात तिची दुसरी बाजू दिसली : स्वतःचे कर्ज फेडून बसलेल्या सभासदाच्या दारातही दुसऱ्याच्या थकबाकीसाठी वसुली येऊन उभी राहिली.

१७.
आज मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहताना आपण सही करून विसरून जातो. पतअहवाल विसरत नाही. ते कर्ज जामीनदाराच्या नोंदीतही दिसते. हप्ते नियमित असतील तर स्कोअर उत्तम राहतो, पण नवे कर्ज देणारा ती संभाव्य जबाबदारी तुमच्या ऐपतीतून वजा करून पाहू शकतो. तुमच्या स्वतःच्या चालू हप्त्यांचेही तसेच. वेळेवर फेडले जाणारे चार हप्ते पत वाढवतात आणि त्याच वेळी ऐपत घटवतात. स्कोअर चांगला असूनही नकार मिळण्याचे हे फार वारंवार आढळणारे कारण आहे.

१८.
याला जोडून आणखी एक प्रसंग. मंदीच्या काळात मध्य प्रांताने १९३३ मध्ये कर्ज-तडजोड कायदा केला. देशातील अशा सुरुवातीच्या कायद्यांपैकी तो एक. मंडळे नेमली गेली, सावकार आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम कमी करून हप्ते बांधून देण्याची सोय झाली. बुडत्याला तो मोठा आधार होता. मात्र ज्याच्याशी तडजोड झाली त्याला पुन्हा देताना सावकार दहादा विचार करणार, हे उघडच होते. आजच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा असतो, म्हणजे पूर्ण रक्कम न घेता खाते मिटवले. वर्षे लोटतात, स्कोअर सावरतो, परंतु ज्या संस्थेने ती सूट दिली तिच्या स्वतःच्या दप्तरात आठवण राहू शकते. सार्वजनिक पत आणि खासगी स्मरण या दोन वेगळ्या वह्या आहेत.

१९.
येथवर गाव आणि ओळख यांच्या आधारे चालणारा व्यवहार पाहिला. अनोळखी माणसाची पत कशी ठरवायची, हा प्रश्न गोंदियाला रेल्वेने आणून दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावर गोंदिया आले, विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग जोडला गेला आणि जंक्शन झाले. धान, लाकूड, तेंदूपाने यांचा व्यापार वाढला. भातगिरण्या आल्या, विडीचे कारखाने आले. दूरच्या पेढीशी व्यवहार करायचा तर तिचा बाप, बैलजोडी आणि खळे पाहता येत नव्हते. हुंडी स्वीकारणाऱ्याचे नाव आणि ओळखीच्या आडत्याची शिफारस, हाच आधार.

२०.
अमेरिकेत याच अडचणीतून १८४१ मध्ये लुईस टॅपन यांनी न्यूयॉर्कमध्ये व्यापाऱ्यांच्या पतीची माहिती विकणारी संस्था काढली. पुढे १९५६ मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी ही माहिती गणिताने तोलण्याचा व्यवसाय सुरू केला. स्कोअर या आजच्या कल्पनेचे मूळ तेथे आहे. भारतात क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘सिबिल’, २००० मध्ये स्थापन झाले आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये आला. आज अशा चार कंपन्या आहेत. त्यांचे काम एका वाक्यात सांगायचे तर गावाने तोंडी जपलेली ख्याती अनोळखी देणाऱ्यापर्यंत लेखी पोहोचवणे. मात्र गाव कुळाची पत आणि ऐपत एकाच नजरेत पाहत असे. लेखी ख्यातीत फक्त पत उतरली. ऐपत पाहण्याचे काम प्रत्येक देणाऱ्याकडे स्वतंत्रपणे राहिले. आपला गोंधळ या फाटाफुटीतून जन्मला आहे.

२१.
आणि या लेखी ख्यातीत ज्यांचा व्यवहार कधी उतरलाच नाही, त्यांचे काय? स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के धंदेवाईक आणि शेतकरी सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि सरकारचा ३.३ टक्के होता. म्हणजे कर्जफेडीचा फार मोठा इतिहास खासगी वह्यांत पडून होता, जो कोणत्याही बँकेला दिसणार नव्हता. याच पाहणीने एक महत्त्वाचा आग्रह धरला : कर्ज जमिनीच्या मालकीकडे पाहून नव्हे, तर येणाऱ्या पिकाकडे पाहून द्यावे. आजचे पीककर्ज त्या विचारातून वाढले. तारणाकडून ऐपतीकडे झालेला हा मोठा प्रवास होता.

२२.
पण ऐपतही कागदावर दिसावी लागते. गोंदिया जिल्ह्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. मजुरी हजारी विड्यांच्या दराने. काम असते तेव्हा रोज असते, पाने-तंबाखू न मिळाल्यास नसते. बचत गटातील तिची परतफेड चोख असते. वर्षानुवर्षे एक हप्ता चुकत नाही. पण तिच्याकडे सॅलरी स्लिप नाही, आयकर विवरणपत्र नाही. गटाने घेतलेल्या कर्जाच्या परतफेडीतून तिच्या एकटीच्या नावावर अनेकदा भक्कम नोंद उभी राहत नाही. पत आहे, थोडी ऐपतही आहे, कागद नाही. भारतातील पहिले बँक-क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आणले. तेव्हापासून कार्डाने डोळ्यांसमोर ठेवलेला ग्राहक म्हणजे नियमित पगाराचा शहरी माणूस. वळकट्या विड्यांचा हिशेब मांडणारी ती बाई त्या चौकटीत कधी नव्हतीच.

२३.
मग नकार मिळालेल्या माणसाने काय करावे? इतिहासाचा धडा येथे फार व्यावहारिक आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. रयतेचे रक्षण हा हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल व व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि वाचता न येणारी रयत अंगठा उठवत राहिली. सुप्यात वह्या जळाल्या त्या यासाठी की त्या वाचण्याचा दुसरा मार्ग रयतेकडे नव्हता. आपल्याकडे तो मार्ग आहे.

२४.
प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे. तो मागवा आणि वाचा : न घेतलेले कर्ज, मिटवूनही उघडे दिसणारे खाते, नावातील किंवा पत्त्यातील तफावत, विसरलेली जामीनकी. चूक आढळल्यास तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे : क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारल्यास नकाराचे नेमके कारण लेखी कळवले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत नमूद आहे. ‘अंतर्गत धोरण’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते धोरण, हे नम्रपणे पण लेखी विचारावे.

२५.
हा हक्क आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेत १९७४ पर्यंत कमावत्या स्त्रीलाही पत मागताना पुष्कळदा नवऱ्याची सही आणावी लागे. त्या वर्षीच्या समान पतसंधी कायद्याने लिंग व वैवाहिक स्थितीवरून होणारा भेद बेकायदा ठरवला आणि १९७६ च्या दुरुस्तीने नकाराची कारणे जाणण्याचा हक्क दिला. कारण सांगावे लागले की देणाऱ्याला स्वतःच्या मनातील पूर्वग्रहही तपासावे लागतात. कारण कळले की घेणाऱ्यालाही पुढची दिशा ठरवता येते. उत्पन्न कमी पडले असेल तर थांबायचे, हप्ते जास्त असतील तर एखादे कर्ज मिटवायचे, नोंदच नसेल तर ठेवीवरचे कार्ड घेऊन नोंद उभी करायची. कारण न विचारता रागाच्या भरात पाच बँकांत अर्ज टाकणे मात्र टाळावे. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पाच घरी उसने मागत फिरणारा माणूस खळ्यावरही कोणाला भरवशाचा वाटत नसे.

२६.
सारांश असा. नकार म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. तलावाच्या वरच्या अंगाला शेत असलेला तो दुसरा भाऊ अप्रामाणिक नव्हता. कायद्यानंतर तारण गमावलेले कुळ लबाड नव्हते. १८७५ च्या रयतेने कापसाचा भाव पाडला नव्हता. स्कोअर चांगला असणे म्हणजे चार प्रश्नांपैकी एकाचे उत्तर चांगले असणे. उरलेले तीन कोणते, हे ज्याला कळते तो नकाराने खचत नाही आणि होकाराने फुगूनही जात नाही. कारण या साऱ्या इतिहासात होकार नेहमीच वरदान ठरला असेही नाही. १८६० च्या दशकात मागेल त्याला मिळालेले कर्जच पुढे गळ्याशी आले होते.

२७.
शेवटी एक विनंती. गोंदिया, भंडारा, बालाघाट या भागांतील अनेक घरांत धानाच्या उसनवारीच्या जुन्या वह्या, खंडाच्या पावत्या, पतपेढीची पासबुके माळ्यावर पडून आहेत. ती रद्दीत घालू नका. सवाई किती, दिढी किती, कोणाला दिले आणि कोणाला नाही, हे त्यांत लिहिलेले आहे. आपल्या प्रदेशाचा पतअहवाल तेथेच आहे. तुमच्या घरी असे काही असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा : शब्द कोणते वापरले आहेत, मापे कोणती, मुदत किती. पुढचा धागा त्यावरच बांधू.